स्थानिक उदाहरणे टाळावीत म्हणे!

पोरीच्या निबंधाला 20 पैकी 9. आणि खाली लाल शाईत, एकदम झोकदार अक्षरात: ‘स्थानिक उदाहरणे टाळावीत. राष्ट्रीय पातळीवरचे लिहावे.’

काय खुळ्यात काढताय काय ओ सर?

विषय तुमचा. ‘राष्ट्रीय अस्मिता आणि सामाजिक प्रश्न’, संशोधनपर निबंध, 1500 शब्द, नववीच्या पोरांना. संशोधन करा म्हणालात, केलं की पोरीनं! बाकीची पोरं क्रिकेट खेळत होती तेव्हा ही आपल्या कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिरात वही घेऊन बसलेली. तिथनं गंगाराम कांबळे घेऊन आली. संस्थानाच्या पागेत नोकरीला असलेला, अस्पृश्य असून हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेला माणूस. शाहू महाराजांनी त्याला भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हटल्यावर स्वतः जाऊन तिथं चहा घेतला, बरोबरच्यांनाही पाजला. आता सामाजिक प्रश्न म्हणजे याहून वेगळं काय असतं, सांगा मला.

सरांनी त्या अख्ख्या परिच्छेदावर फुली मारलीय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पट्टी धरून. बाजूला ‘विषयांतर’. पुढच्या पानावर ‘जात’ या शब्दाला गोल करून लिहिलंय, ‘संवेदनशील’. म्हणजे सामाजिक प्रश्न लिहायचे, पण कुणाला टोचेल असा एकही लिहायचा नाही. गरिबी चालते. लोकसंख्या तर फारच चालते, लोकसंख्येला राग येत नाही.

आणि स्थानिक कशाला म्हणताय हो? 1902 साली करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात मागासलेल्यांना नोकऱ्यांत 50 टक्के जागा ठेवल्या. राज्यघटना लागू झाली 1950 ला. 1920 ची माणगावची अस्पृश्यांची परिषद, बाबासाहेब आलेले, महाराजांनी भर सभेत सांगितलं की हाच तुमचा पुढारी. माणगाव कुठं आलं? हातकणंगले तालुक्यात. एवढं कशाला, परवा परवा 2022 ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव केला, विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं अख्ख्या महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना तसंच करा म्हणून सांगितलं. पोरीनं हे सगळं लिहिलंय. फुली, फुली आणि फुली.

आता ऐका 18 मार्कांचा निबंध कसा असतो ते. शेजारच्या पोराचा. त्याचं काही नाही हां, गुणी पोरगं आहे, परवाच आमचा गॅस चढवून दिला त्यानं वर. पण निबंध! तिरंगी किनार, प्लॅस्टिकचं कव्हर, स्पायरल, पहिल्या पानावर चमकीच्या पेननं ‘विविधतेत एकता’. (चमकीचा पेन शोधणाऱ्याला मी एक दिवस गाठणार आहे. घरभर, उशीवर, भातात चमकी!) मजकूर झेरॉक्सवाल्याकडचाच, मोबाईलवरनं काढलेला. तिसऱ्या पानावर चक्क ‘आमच्या उत्तर प्रदेशात’ असं छापलंय! कोल्हापूरचं लिहिलं की स्थानिक, आणि लखनौचं लिहिलं की राष्ट्रीय. सरांनी त्यावर बरोबरची खूण केलीय. लांबलचक.

हे आजचं नाही. 2019 चा पूर आठवतोय ना? शिरोळकडची गावंच्या गावं पाण्यात, माझी मावशी पोरंबाळं, म्हशी सगळं घेऊन आमच्याकडं. शाळा सुरू झाली आणि तिसरीतल्या पोरांना निबंध काय, तर ‘पावसाळ्यातील एक रम्य दिवस’. तेव्हाही मी भांडायला निघाले होते, यांनी चावी लपवली गाडीची. मग तो थर्माकोलचा रायगड. मग पालकांच्या ग्रुपवर रात्री अकराला मेसेज, उद्या पांढरा कुर्ता आणि हिरवी ओढणी अनिवार्य. अनिवार्य! आणि खाली छत्तीस जणींचे हात जोडलेले, ‘धन्यवाद सर’, ‘खूप छान उपक्रम सर’. अगं बायांनो, रात्री अकराला हिरवी ओढणी कुठनं आणताय तुम्ही?

काल मीही लिहायला घेतलं त्या ग्रुपवर. चांगलं खरमरीत, शाहू महाराजांपासून सुरुवात करून. अर्धा तास बडवत होते. कन्या मागनं वाचत उभी.

‘‘आई, निबंध माझा हाय का तुझा?’’

गप्प बसले. खरं तर गंगाराम कांबळे लिही म्हणून तिच्या मागं लागलेली मीच. मार्जिन मीच आखलेली. त्यामुळं ते 9 मार्क नेमके कुणाला पडलेत, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. यांचं मत मी विचारलेलं नाही, तरी ते हसतायत.

सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय सुधारून द्यायला. मी म्हटलं, अजिबात द्यायचा नाही, मी येते शाळेत. तर म्हणते, ‘‘तू नको येऊस गं. मी लिहितो की परत.’’ आणि दहा मिनिटांत लिहून मोकळी. फार काही बदललं नाही. फक्त नावं काढली. भाऊसिंगजी रोडचा ‘देशातील एक रस्ता’ झाला, हेरवाडचं ‘भारतातील एक खेडे’ झालं. आणि मधे हे वाक्य: ‘आपल्या देशात एका राजाने एका हॉटेलात एकदा चहा घेतला.’

‘‘झालं का आता राष्ट्रीय?’’ म्हणे.