बुगडीचा हिशोब

लेक म्हणाली, "आई, हेलिक्स टोचायचंय." फोटो बघितला तर आपली बुगडीच की! माझ्या आजीच्या कानात होती, मोत्यांची.

म्हणून मीच हौसेने तिला घेऊन गेले. बाजारातलं बांगड्या-क्लिपांचं दुकान, हातात बंदूक, साडेतीनशे रुपयांत खटॅक. अर्ध्या मिनिटात बाहेर. नवव्या दिवशी कान टोमॅटोसारखा लाल, मागची क्लिप सुजेत रुतलेली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ती काढली तेव्हा पोरीने माझा हात असा दाबला की माझ्याच बांगड्या मला रुतल्या. औषधं, ड्रेसिंग, तीन फेऱ्या, सगळं मिळून चार हजारांच्या वर गेले. ते साडेतीनशे वेगळेच.

डॉक्टर रागावले नाहीत, समजावून सांगितलं. पाळीला मांस आणि रक्तपुरवठा असतो, ती दोनेक महिन्यांत भरते. वरच्या कडेला कूर्चा, म्हणजे लवचीक हाड. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या आवरणातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. तिथे जंतू शिरले तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. आणि बंदूक भोक पाडतच नाही हो, बोथट टोक स्प्रिंगच्या जोरावर घुसवते. वर तिचं अंग प्लास्टिकचं, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालता येत नाही. स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे.

आपल्याकडे म्हणतात ना, कान सोनारानेच टोचावेत. बाराव्याला माझे त्यानेच टोचले, सोन्याच्या बारीक अणकुचीदार तारेने, आणि पाळीपुरता मला तो बंदुकीपेक्षा बरा वाटतो. पण कूर्चेसाठी सोनारसुद्धा नको, असं माझं स्पष्ट मत.

दीड वर्षाने कान पूर्ण बरा झाल्यावर पुन्हा हट्ट. (हट्ट कोणावर गेलाय विचारू नका.) या वेळी मी तीन स्टुडिओ पालथे घातले. पहिल्याला विचारलं, "ऑटोक्लेव्ह दाखवता?" तो म्हणाला, "मॅडम, सगळं स्टराइल असतं." नमस्कार. दुसऱ्याकडे दागिन्याचा धातू कुठला, तर "सर्जिकल". पुढे काहीच नाही. सर्जिकल स्टीलमध्ये निकेल असतं आणि माझ्या लेकीला घड्याळाच्या बकलानेही पुरळ येतं.

तिसऱ्या स्टुडिओतली मुलगी जेमतेम सव्वीसची असेल. ऑटोक्लेव्ह दाखवला. आपल्या कुकरचा थोरला भाऊच, १२१ अंशांची वाफ, दाबाखाली. पाकिटावरची पट्टी रंग बदलते, पण तेवढ्याने भागत नाही म्हणून स्पोअर टेस्टही (चिवट जंतूही खरंच मेले का, ते बघायची चाचणी) करते, त्याचे रिपोर्ट फाइलला लावलेले. पेनने ठिपका काढला, आरसा दिला, लेकीला पटेना म्हणून दोनदा पुसून परत काढला. पोकळ सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं आणि काम झाल्यावर सुई सुयांच्या डब्यात टाकली. दागिन्याची दांडी मुद्दाम लांब घातली, सुजेला जागा हवी म्हणून, आणि दीड-दोन महिन्यांनी आखूड करायला बोलावलं.

बिल अठ्ठावीसशे. त्यात टोचणावळ हजार, बाकी दागिना, एफ-१३६ टायटॅनियमचा, शरीरात बसवायच्या इम्प्लांटला वापरतात तो दर्जा. जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्यात सोन्याची आली असती." आजच्या भावात? फिरकीसुद्धा येणार नाही! पण विचारताना हेच विचारा: सांगितलेल्या भावात दागिना धरलाय का, आणि आखूड दांडीचे पैसे वेगळे का. एका ठिकाणी "फक्त सहाशे" होतं, दागिना सोडून.

आता जखमेला हळद-तेल, डेटॉल काही नाही. फक्त सलाइनचा फवारा, आणि गोल गोल फिरवत बसायचं नाही. सासूबाईंना हे अजून मान्य नाही. रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टोचल्यावर वर्षभर थांबावं लागतं.

पूर्ण भरायला वर्षही लागेल, असं स्टुडिओतली मुलगी म्हणाली. तोवर त्या कुशीवर झोपायची बंदी, म्हणून लेक सध्या माझी प्रवासातली गळ्याची उशी घेऊन, तिच्या भोकात कान ठेवून झोपते. परवा गावाला निघाले तर उशी द्यायला तयार नाही.