गोल्फचे मैदान लोकांसाठी खुले करताना घ्यावयाची काळजी

सार्वजनिक गोल्फ मैदान शाश्वत आणि बहुउद्देशीय करण्याच्या समितीवर आपली वर्णी लागली असेल, तर प्रथम हार-तुरे स्वीकारावेत. नागपुरात असे सार्वजनिक मैदान आहे की नाही, ही क्षुल्लक शंका कामाच्या आड येऊ देऊ नये. आराखडा तयार झाला की जागा सापडतेच.

18 होलच्या मैदानाला साधारण 50 ते 60 हेक्टर जमीन लागते आणि चेंडू ज्यात पडायचा, त्या होलचा व्यास असतो 108 मिलिमीटर. हे गणित ऐकून एखादा भाबडा सदस्य म्हणेल, की होल 9 च ठेवावेत आणि उरलेल्या जागेत लोकांना फिरू द्यावे. सिडनीच्या मूर पार्कबाबत तेथील राज्य सरकारने 2023 मध्ये असेच जाहीर केले, हा दाखलाही तो देईल. त्याला अभ्यासदौऱ्याच्या उपसमितीवर घ्यावे, माणूस निवळतो. दौरा अर्थातच स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजला न्यावा, मात्र रविवार कटाक्षाने टाळावा, कारण गोल्फचे माहेरघर मानले जाणारे तेथील ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असते आणि गावकरी त्यावरून कुत्री घेऊन खुशाल हिंडतात. असले दृश्य सदस्यांच्या नजरेस पडले, तर अहवाल दीड पानात संपेल.

पाण्याचा प्रश्न निघणारच. भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला चालते. आपल्या हिरवळीला मात्र पिण्याचेच लागते, असे ठामपणे सांगावे, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना भर दुपारी फवारे सुरू ठेवावेत, म्हणजे कुंपणाबाहेर टँकरच्या रांगेत हंडे-गुंड घेऊन उभ्या असलेल्यांनाही तुषारांचा गारवा लाभतो. मैदानातले सखल भाग पावसाचे पाणी थोपवून धरू शकतात, हे खरे आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा अशा खोलगट मोकळ्या जागांची किंमत पुष्कळांना कळली होती. म्हणूनच तेथे आधी मुरमाचा भराव टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि पुढे जलसंधारणासाठी स्वतंत्र निविदा काढावी.

राहता राहिला बहुउद्देशीय वापर. नागपूरकराला 'लॉन' म्हटले, की गवत आठवत नाही. वरात, डीजे आणि बुफेची रांग आठवते. तेव्हा तिथिनिहाय भाडे ठरवले, की समाजोपयोग आपोआप सिद्ध होतो. मंडपाचे खांब रोवायला खड्डे लागतातच, आणि त्यातले 18 तयार आहेत, थोडे रुंद करायचे एवढेच. ग्रीन जिम, सेल्फी पॉइंट आणि संत्र्याचे एक भव्य शिल्प हे सांगायलाच नको.

मात्र एका कामाला निविदेची वाट पाहू नये. मागच्या कुंपणाला एक भगदाड आहे. सकाळी त्यातून काठी टेकत दोन आजोबा फिरायला येतात, शेळ्यांसाठी गवताचा भारा घेऊन एक बाई निघते आणि चारनंतर पोरे तीन विटांचे स्टंप मांडतात. ते आजच्या आज बुजवावे.