बीपीच्या गोळ्या आणायला रिक्षा?

आईच्या बीपीच्या गोळ्यांचं मेडिकल आमच्या बाल्कनीतून दिसतं. रात्री पाटीचा हिरवा दिवासुद्धा दिसतो. आणि काल तिथे जायला रिक्षाला 40 रुपये मोजले! डोकं फिरलंय माझं.

मागच्या बाजूने पायवाट होती, बिल्डरने पत्रे ठोकून ती बंद केली. आता मेन गेटने बाहेर पडून सर्व्हिस रोडने दीड किलोमीटरचा वळसा. फूटपाथ वीस पावलांवर विजेच्या डीपीला जाऊन धडकतो. पुढे गटाराचं झाकण गायब, खड्डा कळावा म्हणून कुणी तरी त्यात बाभळीची फांदी खोचलीय. परवा आईने तिथे साडी सावरली, रस्त्यावर उतरली आणि पाण्याचा टँकर अंगाला घासून गेला. 68 वर्षांची बाई. घरी येईपर्यंत तिचा हात माझ्या हातात थरथरत होता.

कागदावर सगळं आहे हो! रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने 2012 सालीच लिहून ठेवलंय, चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, फूटपाथची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. आमच्याकडचा फूटपाथ जिथे आहे तिथे आईच्या गुडघ्याला लागतो. मोजायला येतं कोण?

माझं आजोळ पुण्यात, नारायण पेठेत. आजी ऐंशीव्या वर्षीही चपला सरकवून एकटी निघायची. गिरणी, वाणी, डॉक्टर, देऊळ, सगळं हाकेच्या अंतरावर. खाली दुकान, वर बिऱ्हाड. वाटेत चार जणी भेटायच्या, तिला बरं नसलं तर आधी त्यांना कळायचं. रोजचं सगळं घरापासून पंधरा मिनिटांत, असं पॅरिसने 2020 मध्ये ‘पंधरा मिनिटांचं शहर’ म्हणून जे मिरवलं, ते आपल्याकडे पेठांमध्ये होतंच. मग नवी वस्ती बांधताना ते कुणालाच का आठवत नाही? बावीस मजले चढवले, क्लबहाउस दिलं, तीन मजली पार्किंग दिलं, पण खाली किराण्याचा एक गाळा नाही. ‘शाळा 5 मिनिटांवर’ असं ब्रोशरमध्ये छापलं, ती पाच मिनिटं गाडीची. ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याला ती चालवता येत नाही, त्याने घरात बसायचं?

आम्ही मेट्रो मागत नाही. त्या पत्र्यांत माणूस जाईल एवढं फाटक द्या आणि गटारावर झाकण टाका. एवढ्यासाठी तीन अर्ज दिले.

आई हल्ली गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच सांगते, तेही चाचरत, माझा मूड बघून. कुणापुढे कधी हात न पसरलेली बाई ती.