एक गुंठा वाढला कुठनं?

नमस्कार. गुंठा, आणा आणि आर यांच्या रूपांतरावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन घाव घातलेत. आण्याचं कोष्टक चुकलंय. गुंठा म्हणजे आर एवढं सरळ सांगायचं सोडून मी दशांशाचा कीस पाडलाय, "दशांशानं बांध हलत नसतोय". आणि कोल्हापुरात राहून बिघा-चावर ही जमिनीची जुनी मापं गाळून टाकलीयत.

पहिलं कबूल. गुंठा म्हणजे 33 फुटी साखळीचा चौरस, 1089 चौरस फूट. साखळीचे आणे 16, म्हणजे एक आणा 2 फूट पाऊण इंच. ते पाऊण इंच मी खाल्लं आणि 33 गुणिले 2 करून आण्याचं क्षेत्र 66 चौरस फूट लिहिलं. तुम्ही 16 नं गुणून 1056 काढलंत आणि "उरलेले 33 फूट ओढ्यानं नेले काय?" म्हणून विचारलंत. नेले खरे! आणा 68.06 चौरस फुटांचा; कोष्टक दुरुस्त केलंय.

दुसऱ्यावर मात्र मी हटणार नाही. आर म्हणजे 100 चौरस मीटर, 1076.39 चौरस फूट. गुंठ्यापेक्षा साडेबारा चौरस फुटांनी कमी, म्हणजे एक बाज टाकायला लागते तेवढी जागा. गुंठ्याला किती टन ऊस पडला हे बोलताना हा फरक कुणी धरत नाही, मीही नाही. पण रान विकत घेताना? सातबारावर 0.40.00 असतं (हेक्टर, आर, चौरस मीटर; म्हणजे 40 आर), मध्यस्थ "चाळीस गुंठे, पुरा एकर" म्हणतो, आणि आपण गुंठ्याच्या दरानं पैसे मोजतो. पदरात पडतात 39.54 गुंठे. 504 चौरस फूट गेले. डोंगराकडच्या रानात सोडून द्या, पण रस्त्याकडेच्या जागेला चौरस फुटाला हजार रुपये धरले तरी ते पाच लाख होतात.

बांध हलत नसेल, डोकी मात्र फिरतात. आमच्याच घरातलं सांगतो. आजोबांच्या जुन्या कागदावर मळीचं रान 2 एकर 0 गुंठे. वाटणीच्या वेळी नवा सातबारा काढला तर त्यावर 0.81. थोरल्या चुलत्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, "एक्क्याऐंशी? एक गुंठा वाढला कुठनं?" धाकट्यांचं ठाम मत, तो विहिरीकडनं निघालाय आणि विहिरीकडची बाजू त्यांची. झालं! दोन महिने दोन्ही घरांत बोलणं बंद, बैलपोळ्यालासुद्धा ताटं वेगळी. गुंठा वाढलाच नव्हता. दोन एकर म्हणजे 80.94 आर, ते गोळाबेरीज करून 81 लिहिले होते. आरांना गुंठे म्हणून वाचलं, एवढाच घोळ. मी वहीच्या पानावर मांडून दाखवल्यावर धाकटे म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हवं." तुम्हाला खटकलेला दशांश लेखात आला तो असा.

बिघा मी मुद्दाम टाळला. शिवकाळातली जमीन मोजायची काठी पाच हात पाच मुठींची. 20 काठ्या लांब, 20 काठ्या रुंद तो बिघा, आणि 120 बिघ्यांचा चावर. आता हात कुणाचा, मूठ कुणाची? काठीत बोटभर इकडंतिकडं झालं तर बिघ्याच्या प्रत्येक बाजूला वीस बोटं होतात, चावराचं तर विचारूच नका. मोबाइलवर बिघा टाकून एकर काढणारे बरेच आहेत, पण तिथला बिघा भलत्याच मुलखातला असतो. बंगालचा 14,400 चौरस फुटांचा, म्हणजे आपले सव्वातेरा गुंठे. तो आकडा पणजोबांच्या सनदेला लावला तर निम्मं गाव आपलं निघायचं, नाहीतर आहे तेही जायचं.

तुमच्याकडं चावराचा उल्लेख असलेला मोडी कागद आहे म्हणालात. त्यात काठी किती हातांची धरलीय हे कुठं लिहिलंय का, तेवढं बघून कळवा. सापडलं तर तुमच्या कागदापुरता बिघा मी आणे-पैसह काढून देतो.