लहान चेनसॉ आणि रिपिंग चेनबद्दलचा एक दावा

लहान चेनसॉने ओंडक्याच्या फळ्या पाडू इच्छिणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. साधी चेन लांबीच्या चिरेसाठी चालतच नाही, ती धोक्याची असते. रिपिंग चेन, म्हणजे लांबीच्या चिरेसाठी कमी तिरप्या धारेची चेन, बसवली की 40-50 सीसीचे यंत्रही झपाट्याने फळ्या पाडते. आणि तरीही वेग कमी वाटला तर रेकर, म्हणजे दातापुढचे उंचवटे, घासून खाली घ्यावेत. या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे, परंतु तो जसाच्या तसा पाळल्यास नवख्या माणसाचे पैसे आणि इंजिन दोन्ही वाया जाऊ शकतात.

साधी चेन चालत नाही, हे विधान प्रथम पाहू. साध्या चेनच्या दाताची वरची धार साधारणतः 25 ते 35 अंशांत तिरपी असते, तर रिपिंग चेनची सुमारे 10 अंशांत. बहुतेक वेळा दोन्हींच्या दाताची घडण एकच असते आणि फरक केवळ कानस कोणत्या कोनात फिरवली एवढाच असतो. अलास्कन मिलच्या चौकटीत चेनसॉ धरून फळी पाडताना चेन ओंडक्याच्या रुंदीत धावते आणि तंतूंची टोके तासत पुढे सरकते. अशा वेळी फार तिरपा दात बाजूला ओढला जातो, डावा दात एकीकडे आणि उजवा दुसरीकडे, त्यामुळे बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पोलादी पट्टी, थरथरतो व फळीवर ओरखडे उमटतात. कोन कमी केला की ही ओढ घटते आणि पृष्ठभाग अधिक साफ येतो. म्हणजे रिपिंग चेनमुळे मिळते ती सफाई. ज्या फळ्यांवर पुढे रंधा चालवायचाच आहे, त्यांच्यासाठी धार लावलेली साधी चेन पुरेशी असते. धोक्याविषयी म्हणायचे तर यंत्राला उलटा झटका बसतो तो मुख्यतः बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागल्यामुळे, आणि ती काळजी कोणत्याही चेनसोबत घ्यावीच लागते.

वेगाचा दावा तर सरळ चुकीचा आहे. कोन कमी केल्याने चीर वेगाने पडत नाही; अनेकदा साधी चेनच किंचित पुढे असते. लहान यंत्राची खरी अडचण शक्तीची आहे, कारण आडव्या कापात इंजिनावर पूर्ण भार काही क्षणच असतो, फळी पाडताना मात्र तो कित्येक मिनिटे अखंड राहतो. म्हणून प्रश्न विचारायचा तो दाताच्या कोनाचा नव्हे, चिरेच्या रुंदीचा. समजा, चीर 8 मिमीऐवजी 6.5 मिमी रुंद पडली, तर तेवढ्याच लांबीच्या फळीसाठी इंजिनाला जवळपास 19 टक्के कमी लाकूड भुसा करून बाहेर फेकावे लागते, आणि तेवढे लाकूडही वाचते. ही बचत लहान यंत्राला कोणत्याही खास कोनापेक्षा अधिक उपयोगी पडते. थ्री-एट्थ (3/8 इंच) लो प्रोफाइल ही अरुंद चेन त्यासाठीच योग्य, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अनेक लहान यंत्रांवर ती मुळातच बसवलेली असते. ती उतरवून रिपिंगच्या नावाखाली जाड चेन लावणारा माणूस स्वतःच्या यंत्राचे ओझे वाढवतो, याचे मला खरोखर वाईट वाटते. या चेनचे दात लहान असल्याने ते कानशीखाली लवकर झिजतात, हा तिचा दोष मान्य करायला हवा.

रेकर खाली घेण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. लहान चेनमध्ये दाताची धार आणि रेकर यांच्या उंचीत साधारण 0.65 मिमी फरक ठेवलेला असतो. तो वाढवला की प्रत्येक दात जास्त खोल चावतो. मोठे इंजिन ते ओढून नेते, लहान इंजिन मात्र अडखळते, क्लच घसरून तापतो आणि झटक्याचा धोका वाढतो. वेग कमी झाला असेल तर बहुधा धार गेलेली असते. फळी पाडताना भुसा तसाही बारीक पडतो, त्यामुळे केवळ भुशावरून धारेचा अंदाज लागत नाही. यंत्र दाबावे लागू लागले की थांबून कानस घ्यावी, आणि इंधनाची टाकी भरताना प्रत्येक वेळी दात पाहावेत. साल मातीने माखलेली असेल तर ती आधी सोलून काढणे हे नव्या चेनपेक्षा स्वस्त पडते.

दात विरळ असलेली स्किप चेनही काही जण सुचवतात. तिचा उपयोग लांब बारवर भुसा बाहेर काढण्यासाठी होतो. लहान बारवर त्याची फारशी गरज नसते आणि चीर खडबडीत येते.

10 अंशांचा कोन हवाच असेल, तर जुन्या साध्या चेनला प्रत्येक धार लावताना थोडा थोडा कमी कोन देत तिथवर आणता येते; एकदम बदलल्यास दाताचा बराच भाग विनाकारण घासला जातो. नवी चेन घ्यायची झाल्यास पिच (कड्यांमधील अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे खाचेत धावणाऱ्या त्या कड्यांची, संख्या या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. पिच स्प्रॉकेटशी, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी, आणि बारच्या टोकावरील चाकाशी, गेज बारच्या खाचेच्या रुंदीशी आणि संख्या बारच्या लांबीशी. बारवर कोरलेले आकडे वाचल्याशिवाय चेन मागवू नये, मग तिच्या वेष्टनावर रिपिंग असे लिहिलेले असो वा नसो.