'आधी खेळून तरी बघा' म्हणणाऱ्या वाचकांस

वॉरक्राफ्ट या संगणकावरच्या खेळातल्या मकगोरावरच्या, म्हणजे ऑर्क योद्ध्यांच्या मानाच्या द्वंद्वावरच्या, माझ्या लेखाखाली एका वाचकांनी (नाव अर्थातच 'अनामिक') लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. वॉरक्राफ्टमधल्या ऑर्कांचा वीरधर्म हे निव्वळ ढोंग, त्यांना "फक्त जिंकण्याची इर्षा" असते, जिंकेल त्याचं खरं, असा एकूण सूर. मध्येच "असो" लिहून थांबल्यासारखं केलंय, मग आणखी अकरा ओळी. सोबत चार हसरे चेहरे. मतभेदाला माझी ना नाही. पण तो मांडायला समोरच्याला बावळट ठरवावंच लागतं का?

चूक दाखवलीत ती आधी मान्य करतो. म्हातारा सरदार केर्न आणि होर्डचा (ऑर्क आणि त्यांच्या साथीदारांच्या फौजेचा) प्रमुख गॅरोश यांचं द्वंद्व खेळात "बघायला मिळतं" असं मी लिहिलं होतं. ते कादंबरीत आहे. खेळात 2010 च्या 'कॅटॅक्लिझम' या विस्तारित आवृत्तीपासून केर्न नुसता दिसेनासा होतो. दुरुस्ती केली आहे, धन्यवाद.

आता ते वाक्य. "ज्ञान पाजळण्यापूर्वी लेखकाने एकदा तरी खेळून बघावे."

साहेब, 2009 साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पुण्यातल्या एका सायबर कॅफेत नाइट पॅक घेऊन बसायचो. सर्व्हर युरोपात, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) 400 मिलिसेकंदांच्या वर. म्हणजे कुऱ्हाड मी आत्ता चालवायची आणि ती लागायची पुढच्या श्वासाला. पहाटे साडेपाचला शटर उघडलं की तसाच प्रॅक्टिकलला. त्या वर्षी दोन विषय राहिले माझे. तेव्हा कृपा करून मला हे सांगू नका.

आमच्या गिल्डचा (खेळातल्या टोळीचा) म्होरक्या कोण, यावरून माझं आणि एका मित्राचं बिनसलं. ठरलं, ऑर्ग्रिमारच्या, म्हणजे खेळातल्या ऑर्कांच्या राजधानीच्या, दाराबाहेर ड्युएल (द्वंद्व). ज्यांनी खेळलंय (हो, आम्ही) त्यांना माहीत असेल, दोघांच्या मध्ये झेंडा रोवला जातो, तीनपासून उलटी मोजणी होते, आणि हरणारा मरत नाही. शेवटचा थेंब जीव शिल्लक राहतो आणि तो गुडघे टेकतो. पोशन (जीव भरून काढणारं औषध) प्यायचं नाही, हा नियम मात्र खेळात नव्हता. तो आमचा होता.

मी प्यायलो. मुद्दाम नाही, जीव खाली आला की बोट आपोआप त्या बटणावर जायचं. खेळानं काही हरकत घेतली नाही. मी जिंकल्याची ओळ सगळ्यांच्या स्क्रीनवर आली. कॅफेत आठजण होतो, कुणी काही बोललं नाही. एकानं हेडफोन काढून कीबोर्डवर ठेवला आणि चहा प्यायला खाली गेला. गिल्ड मित्राकडे गेली. त्यासाठी मतदान वगैरे करावं लागलं नाही.

म्हणून "जिंकेल त्याचं खरं" वाचलं की माझी सटकते. केर्नशी द्वंद्व जुन्या रीतीनं ठरलं होतं, मरेपर्यंत. गॅरोशच्या कुऱ्हाडीला तेल लावताना केर्नची वैरीण मगाथानं त्यात विष घातलं आणि केर्न मेला. गॅरोशला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुमच्या हिशेबानं त्यानं खूश व्हायला हवं होतं, होर्डमधला त्याला आडवा येणारा एक मोठा माणूस गेला होता. पण कळल्यावर तो खवळला, आणि पुढे मगाथानं मदत मागितली तेव्हा त्यानं तिला वाऱ्यावर सोडलं. गॅरोशसारखा माणूस! माझा तो लाडका नाही, हे लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

2019 मध्ये त्याच ऑर्ग्रिमारच्या दारात होर्डची तेव्हाची प्रमुख सिल्वानसनं, तिला द्वंद्वाचं आव्हान देणाऱ्या म्हाताऱ्या ऑर्क सॉरफँगला काळ्या जादूनं मारलं. जिंकली तीच. आणि उडून निघून गेली, कारण तिचंच सैन्य उभं राहून बघत होतं.

होर्डचा आधीचा प्रमुख थ्रॉल यानं द्वंद्वात वीज वापरून गॅरोशला मारलं ते कसं चाललं, असंही विचारलंय. थ्रॉल शमन आहे, वीज-वारा हीच त्याची हत्यारं. पैलवानाला सांगा, ढाक मारू नको.

राहता राहिली ऑर्कांनी केलेली द्रेनाई जमातीची कत्तल, "तेव्हा कुठे गेला होता हा वीरधर्म?" द्रेनाईंच्या शॅट्रथ शहरावर चालून जाण्याआधी ऑर्क मॅनोरॉथ या राक्षसाचं, माथं फिरवणारं रक्त प्यायले होते. त्याच्या आधीच्या हल्ल्यांचं काय, असं आता विचाराल. तो मोठा विषय आहे, वेळ मिळाला तर लिहीन, इथे फाटे फोडू नका.

आणि 'इर्षा' नाही हो, 'ईर्षा'. पहिली दीर्घ.