बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासता येत नाही

एक सल्ला गेली कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. शब्द बदलतात, आशय तोच: गाडी चालू करा, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस वायर काढा; इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र) ठणठणीत, बंद पडलं तर अल्टरनेटर गेला; गॅरेजवाल्याला एक पैसा देऊ नका. जोडीला आणखी काही सल्ले असतात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला म्हणजे चार्जिंग ठीक. मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी फुल. गाडी वापरात नसेल तर रोज दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा. बॅटरीवरचं चार्ज दाखवणारं भिंग हिरवं आहे तोवर काळजी नको. तरीही बॅटरी उतरली तर सरळ नवी टाका. घरच्या घरी दोष शोधायला माझा अजिबात विरोध नाही, तो शोधावाच. पण यातला पहिला सल्ला गाडीचं नुकसान करणारा आहे आणि बाकीचे अर्धवट आहेत.

पहिल्यापासून सुरुवात करू. इंजिन चालू राहिलं यावरून अल्टरनेटरबद्दल काहीच ठरत नाही. अल्टरनेटरच्या आत तीन फेजचं वाइंडिंग आणि किमान सहा डायोड (एसी विजेचं डीसी करणारे भाग) असतात. एखादा डायोड उडाला की उत्पादन घटतं, पण पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि इग्निशन मिळून लागतात साधारण दहा-पंधरा अँपिअर. तेवढे तो लंगडा अल्टरनेटरही पुरवतो. म्हणजे तुमच्या परीक्षेत तो पास. रात्री पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकदम लागले की मात्र बॅटरी उतरायला लागते. उलटही होतं. चांगला अल्टरनेटर असूनही बॅटरी काढल्यावर व्होल्टेज इतकं हेलकावतं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) इंजिन बंद करू शकतो, आणि तुम्ही धडधाकट अल्टरनेटर बदलून मोकळे होता. सगळ्यात गंमत जुन्या डिझेल जीपची. मेकॅनिकल पंप आणि ओढून बंद करायची केबल असलेलं इंजिन एकदा लागलं की त्याला विजेची गरजच नसते. अशा जीपचा अल्टरनेटर खोलून घरी ठेवला तरी ती या चाचणीत उत्तीर्ण होईल.

आता नुकसानीचं. अल्टरनेटर चाळीस-पन्नास अँपिअर बॅटरीत ढकलत असताना वायर काढली, तर तो करंट जायला जागाच उरत नाही. आतल्या फिरत्या वाइंडिंगमधलं चुंबकत्व क्षणात ओसरत नाही आणि रेग्युलेटरला (व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या भागाला) आवरायला सेकंदाचा काही भाग लागतो. भरल्या मोटेचा दोर तुटावा आणि बैल पुढे फेकले जावेत, तसं व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. संरक्षण नसलेल्या १२ व्होल्टच्या यंत्रणेत ही उसळी ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते आणि ४० ते ४०० मिलिसेकंद टिकते. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची चाचणी घेताना हेच आकडे धरतात. आजच्या बहुतेक अल्टरनेटरमध्ये झीनर जातीचे डायोड असतात, ते ही उसळी ३५ व्होल्टच्या आसपास अडवतात. बारा व्होल्टच्या वस्तूंना पस्तीससुद्धा काही कमी नाहीत. शिवाय वायर काढताना ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. बॅटरी तोंडासमोर फुटली तर आतलं अ‍ॅसिड डोळ्यांत जातं.

“मी अनेकदा केलंय, काही झालं नाही,” हे उत्तर ठरलेलं. खरंही असेल. पण तेव्हा तुमची बॅटरी बहुधा भरलेली होती. भरलेली बॅटरी अगदी थोडा करंट घेते, त्यामुळे वायर काढली तरी उसळी लहान. बॅटरी उतरलेली असते तेव्हा अल्टरनेटर जोर लावून तिला भरत असतो, आणि लोकांना ही चाचणी आठवते ती नेमकी तेव्हाच.

“आमचे वडीलही असंच बघायचे” यात मात्र तथ्य आहे. सुरुवातीच्या अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटमध्ये अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो आणि कटआउट (बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत जाऊ न देणारा स्विच) होता. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्याच्या जोरावर तो स्वतःहून वीज तयार करतो. इग्निशनला पॉइंट आणि कॉइल, इंधनाला कार्ब्युरेटर. जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही गाडीत नव्हतंच. तेव्हाही ती चांगली सवय नव्हती, एवढंच की तिची किंमत मोजावी लागत नव्हती. त्या गाड्या गेल्या, सवय राहिली.

मग करायचं काय? दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्या. नॉब डीसी २० व्होल्टवर, लाल प्रोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये. दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहून गेला तर प्लस-मायनस सरळ शॉर्ट होईल, म्हणून हे दोनदा बघा. प्रोब टर्मिनलच्या क्लॅम्पला न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. पहिलं माप रात्रभर उभ्या गाडीचं. दुसरं, कुणीतरी सेल्फ मारत असताना. तिसरं, इंजिन चालू असताना.

“१२ व्होल्ट म्हणजे फुल” हा दावा इथेच कोसळतो. बॅटरीत सहा सेल, भरलेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणजे विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि ज्यावर आपण खूश होतो ते १२.० म्हणजे जेमतेम चौथाई. ११.९ च्या खाली ती रिकामीच धरा. नुकतीच गाडी फिरवून आणली असेल तर १२.९ किंवा १३ दिसेल, तो वरवरचा चार्ज असतो; हेडलाइट मिनिट-दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फला आठवर आपटत असेल तर ती म्हातारी झाली आहे. पण सेल्फ नुसता कट-कट करतोय आणि खुंटांवरचं व्होल्टेज बारापर्यंत टिकून आहे, तर बॅटरीला दोष देऊ नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड, सैल क्लॅम्प किंवा इंजिनची अर्थिंग पट्टी (बॅटरीच्या मायनसला इंजिनशी जोडणारी) बघा. सेल्फ मारताना एक प्रोब मायनस खुंटावर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. नवी बॅटरी टाकूनही त्रास न जाणाऱ्या गाड्यांत हा दोष पुष्कळदा सापडतो, आणि तो गरम पाणी, खाण्याचा सोडा व पॉलिश पेपर यांत सुटतो.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ यावं. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर सगळं लावा आणि थोडी रेस द्या. आकडा १३.५ च्या आसपास टिकला तर अल्टरनेटर काम करतोय. तो १२.५ वरून हळूहळू खाली सरकत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. बॅटरी उकळेल, सडक्या अंड्यासारखा वास येईल, बल्ब उडतील. एक अपवाद लक्षात ठेवा. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत चार्जिंग ईसीयू ठरवतो आणि इंधन वाचवायला ते मुद्दाम कमी करतो, म्हणून लोड न लावता दिसलेल्या १२.८ वरून निकाल देऊ नका. डायोडची शंका असेल तर मीटर एसीवर ठेवून तेच खुंट मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर डायोड प्लेट तपासून घ्या. काही स्वस्त पिवळे मीटर इथे फसवतात: एका बाजूने बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळपास दुप्पट आकडा दाखवतात, प्रोब उलटे केले की शून्य. तुमचा तसा निघाला तर हा भाग इलेक्ट्रिशियनवर सोडा.

लाल दिव्याचं म्हणाल तर तो लागला की गंभीर, पण विझला म्हणजे सगळं ठीक असं नाही. सैल पट्टा लोड आल्यावर घसरतो आणि उत्पादन घटतं, तरी दिवा विझलेला राहू शकतो. चावी फिरवल्यावर इंजिन लागण्याआधी तो पेटतो की नाही हेही बघा. तेव्हाच पेटत नसेल तर त्याचं विझणं निरर्थक. चालत्या गाडीत तो लागला तर आधी तापमानाचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर वॉटर पंपही फिरतो, आणि पट्टा तुटला असेल तर इंजिन काही मिनिटांत तापतं.

दहा मिनिटं जागेवर चालू ठेवण्याचा हिशेब करून बघा. ३५ अँपिअर-अवरची (साठ्याचं माप: अँपिअर गुणिले तास) बॅटरी अर्धी उतरली तर तिला १७ हून जास्त अँपिअर-अवर परत हवेत. जागेवर उभ्या इंजिनच्या कमी आरपीएमवर अल्टरनेटर पूर्ण ताकदीने चालत नाही. बॅटरीला १० अँपिअर मिळाले असं धरलं तरी दहा मिनिटांत दोन अँपिअर-अवरही भरत नाहीत. त्यातले काही तर सेल्फनेच खाल्लेले असतात. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास फेरी मारा, किंवा घरी चार्जर लावा.

हिरवं भिंग सहापैकी एकाच सेलमधल्या अ‍ॅसिडची घनता दाखवतं. बाकी पाचांचं त्याला ठाऊक नसतं.

आणि शेवटचा सल्ला, “तरीही बॅटरी उतरली तर सरळ नवी टाका.” त्याआधी बंद गाडीतली करंटची गळती मोजा. गाडी बंद, चावी बाहेर, मायनस वायर सोडवून तिच्या आणि खुंटाच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर जोडा (सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल). दारं लॉक करून अर्धा तास थांबा, कारण ईसीयू झोपायला वेळ घेतो. २० ते ५० मिलिअँपिअर चालेल. त्याहून बरंच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा पडतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. पुष्कळदा तो नंतर बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टिम असतो. २०० मिलिअँपिअर गळती दिवसाला जवळपास ५ अँपिअर-अवर खाते, म्हणजे नवी ३५ ची बॅटरीसुद्धा आठवडाभरात रिकामी.